रक्त ‘नाही’ म्हणत नाही

माझी जीभ लहानपणापासून फटकळ. अब्बा नगरच्या बाजारात शिलाईकाम करायचे. ते म्हणायचे, माझ्या कात्रीला धार लावावी लागते, ह्या पोरीच्या जिभेला ती जन्मतःच आहे. ह्या जिभेनं मी पुष्कळ कामं मार्गी लावली आणि पुष्कळ बिघडवली. एकदा तर तिनं एका बाईचा संसारच मोडीत काढला होता. तो सावरायला मी काय केलं, ते मात्र आजही छाती काढून सांगते. कुणाला बढाई वाटली तर वाटू दे.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष उलटलं होतं. मी तेव्हा नगरला एका मिशनच्या इस्पितळात नर्स होते. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेलेली मुसलमानाची पोर मिशनमध्ये नोकरीला जाते म्हणून आमच्या मोहल्ल्यात आधी मोठी बोंबाबोंब झाली. मग त्याच मोहल्ल्यातल्या बायका बाळंतपणाला माझं नाव काढू लागल्या. आमच्या डॉक्टरीणबाई गोऱ्या, अमेरिकेच्या, पण मराठी अशी बोलायच्या की पुण्याच्या माणसानं मान खाली घालावी.

एका दुपारी पाथर्डीच्या बाजूनं एक मालमोटार येऊन फाटकाशी थांबली. तिच्यातून खाकी विजार आणि अंगात घरची बंडी घातलेला एक जवान उडी मारून उतरला. हातात अडीच-तीन वर्षांचं पोर. पोराचा पाय धोतरात गुंडाळलेला आणि ते धोतर ठिबकत होतं. मागोमाग त्याची बायको आणि थोरला भाऊ. भाऊ तर ऊर बडवून रडत होता, कारण त्याच्याच हातून घाव बसला होता. तो गोठ्यात कोयत्यानं कडबा तोडत होता, पोर कोंबडीच्या पिलामागं धावत आलं आणि पोटरी कोयत्याखाली सापडली.

पोराच्या डोक्यावर दोन वेण्या होत्या. मी घाईघाईत म्हणाले, “पोरीला टेबलावर ठेवा.” त्याही गडबडीत आई म्हणाली, “पोरगा हाय बाई. नवसाचं जावळ हाय.” बाप लढाईवर असताना हिनं नवस केला होता, धनी सुखरूप परत आले की पोराचं जावळ कुळाच्या देवापुढं काढीन. बाप परत येऊन महिनाच झाला होता. जावळाचा दिवसही धरला होता, एवढ्यात हे झालं.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले. पण पोर पांढरंफटक पडलं होतं. “रक्त द्यावं लागेल,” त्या म्हणाल्या. जवानानं लगेच बाही वर केली. “माझं घ्या. पायजे तेवढं घ्या. मला पलटणीत रक्त भरल्यालं, सगळं ठावं हाय मला.” त्याच्या पलटणीच्या पुस्तकात त्याचा गट लिहिलेला होता, ए.

आता हे गट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही चिनी मातीच्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचे दोन थेंब ठेवायचो आणि एकेकात वेगळ्या बाटलीतलं सीरम मिसळायचो. पहिल्या थेंबात रव्यासारखे दाणे धरले तर गट ए. दुसऱ्यात धरले तर बी. दोन्हींत धरले तर एबी आणि कुठंच नाही धरले तर ओ. पोराच्या दोन्ही थेंबांत एक दाणा धरला नाही. म्हणजे ओ. ओवाल्याला फक्त ओचंच रक्त चालतं. आणि माझा स्वतःचा गट ओ होता.

मी तशीच व्हरांड्यात आले. तिथं बाप होता, चुलता होता, दुसऱ्या रोग्यांचे पाच-पन्नास नातेवाईक होते. मी भर गर्दीत ओरडले, “तुमचं रक्त याला चालायचं नाही! याचं वेगळं, तुमचं वेगळं. तुमचं घातलं तर पोर हातचं जाईल. माझं जुळतंय, मी देतेय. व्हा बाजूला!”

मी आत जाऊन पडले आणि रक्त दिलं. दिवस कलायच्या आत पोराच्या ओठांवर लाली आली आणि ते पाणी मागायला लागलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाहेर मी काय पेरून आले होते, त्याचा मला गंधही नव्हता.

पुढं तीन आठवडे पोर इस्पितळात राहिलं. बाप पहिले दोन-तीन दिवस यायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा, पोराकडं टक लावून बघायचा आणि जायचा. मग यायचाच बंद झाला. आई मात्र खाटेजवळून हलली नाही. सकाळी पोराच्या केसांना तेल लावायची, वेण्या घालायची, जेवढ्यास तेवढं बोलायची. एके दिवशी मीच विचारलं, “काय गं, मालक कुठं गेले तुझे?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानंही नाही, नुसतंच. म्हणाली, “तुमीच म्हनला न्हवं बाई, याचं रक्त येगळं हाय, बापाचं येगळं हाय?”

मी हातातलं काम टाकून खाटेच्या कडेला बसले.

मग तिनं सांगितलं ते असं. नवऱ्याला पलटणीच्या इस्पितळात कुणीतरी सांगितलं होतं की विलायतेत कोर्टात रक्त बघतात आणि पोराचा बाप कोण ते ठरवतात. अर्धवट ऐकलेलं. त्यात माझी आरोळी. पोर झालं तेव्हा कुणाच्या मनात काही नव्हतं. तो रजेवर येऊन गेला होता, महिने बरोबर भरले होते, सासूनं गावभर साखर वाटली होती. पण व्हरांड्यातून घरी जाताना थोरला भाऊ म्हणाला, “बापाचं रक्त ल्योकाला लागत न्हाई, म्हंजी काय समजायचं?” आता, ज्याच्या कोयत्यानं पोराचा पाय कापला त्याला ते पोर परकंच ठरलं तर बरंच की! निदान आपल्याच भावाचं लेकरू कापलं ही टोचणी तरी जाते. मी तरी हे असंच समजले आणि अजून तसंच समजते. सासूनं निकाल दिला, आमच्या कुळातलं नाही त्याचं जावळ आमच्या देवापुढं निघायचं नाही. पोर बरं झालं की तिचा बाप गाडी घेऊन येणार होता आणि तिला माहेरी नेणार होता. परत न्यायला कुणी येणार नव्हतं.

“आणि तू? तू काय म्हणालीस?”

“मला कोनी इचारलं न्हाई,” ती म्हणाली आणि पोराची दुसरी वेणी घालायला लागली.

मी तशीच डॉक्टरीणबाईंकडं गेले. आधी त्यांनी मला झाड झाड झाडलं. रोग्याची गोष्ट चव्हाट्यावर बोलायची का, शिकवलं काय होतं तुला, वगैरे. सगळं खरं होतं, गप ऐकून घेतलं. मग त्यांनी एक कागद ओढला आणि पेन्सिलीनं समजावून दिलं. प्रत्येक पोराला एक वाटा आईकडून येतो, एक बापाकडून. ए आणि बी हे दिसणारे वाटे. ओ हा लपून बसणारा. एखाद्याचं रक्त ए दिसतं, पण त्याच्या पोटात ओ दडलेला असू शकतो. आईकडून दडलेला ओ आला आणि बापाकडूनही आला, तर पोर ओ. मग ते दोघांपैकी कुणाशीच जुळत नाही आणि तरी दोघांचंच असतं.

आईचं रक्त लगेच तपासलं. बी निघालं. “होऊ शकतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगदी होऊ शकतं.”

“मग द्या लिहून, पोर त्याचंच आहे म्हणून!”

“ते नाही लिहिता यायचं. रक्त कधी कधी ‘नाही’ म्हणतं. हा माणूस बाप असूच शकत नाही, एवढं सांगतं. ‘हो, हाच बाप’ असं ते कधीच सांगत नाही. इथं रक्त ‘नाही’ म्हणत नाही. माझ्याकडं एवढंच आहे.”

मला त्या शास्त्राचा असा संताप आला! एवढी बाटल्यांची नि फरशांची उठाठेव करायची आणि शेवटी ‘एवढंच’? पण चिडून काय होणार. कागद घडी करून मी पदराला बांधला आणि दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या मागं भुणभुण लावली. महिन्यातून एकदा आमची दवाखान्याची मोटार खेड्यांकडं जायची. तिच्या सासरच्या गावावरूनच वाट होती. थर्मासमध्ये बर्फ घालून सीरमच्या बाटल्या नेता येत होत्या. बाई आधी नाही म्हणाल्या, मग बघू म्हणाल्या. मी काही सोडणारी नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, “घे बाटल्या. पण खोटं एक अक्षर बोलायचं नाही.” तोवर ती पोराला घेऊन माहेरी गेली होती. पोराच्या आजोबाला, म्हणजे तिच्या बापाला, निरोप धाडला की अमक्या दिवशी लेकीला आणि नातवाला घेऊन गाडीनं तिच्या सासरच्या गावी या, जखम बघायची आहे.

चावडीसमोर लिंबाखाली टेबल मांडलं. खरूज, खोकला, डोळे असं सगळं आधी उरकलं. तोवर समोर सासू येऊन बसली होती, मिश्री लावत. थोरला भाऊ हाताची घडी घालून उभा. जवान बाजूला, पडलेल्या तोंडानं. आणि लांब, ओढ्याच्या कडेला बैल न सोडलेल्या गाडीत ती, मांडीवर पोर घेऊन. खाली उतरायला तयार नव्हती.

मी उभी राहिले. “मागं मी इस्पितळात भर गर्दीत बोलले, ते माझं चुकलं. आणि चुकलं ते चुकलं, वर अर्धंच बोलले. उरलेलं आज बोलायला आलेय. त्या पोराच्या अंगात माझं रक्त घातलंय. पुरतं जुळलं. मी मुसलमान शिंप्याची लेक. मग मी पोराची आई झाले का?”

लोक हसले. थोरला हसला नाही. म्हणाला, “नर्सबाई, ते येगळं. दुसऱ्याचं जुळंल न्हाईतर न जुळंल. पर बापाचं ल्योकाला जुळायाच पायजे का न्हाई?”

“बरं. मग आईचं लेकाला जुळायला पाहिजे?”

“व्हय. जुळनारच.”

“आणि सख्ख्या भावाचं भावाला?”

“त्यात काय इचारायचं!”

“मग आण बोट पुढं,” मी म्हणाले.

आता त्याची पंचाईत झाली. तो इकडं-तिकडं बघायला लागला, पण गाव का सोडतंय? “काढ की बोट, सुईला भितो व्हय?” “कोयता धरताना भीत न्हाई, सुईला कसा भितो?” शेवटी त्यानं बोट दिलं. जवानानं न सांगता दिलं. म्हातारीपाशी गेले तर म्हणते, “मला कशाला टोचती?” मी म्हणाले, “आजी, भीत असाल तर राहू द्या.” झालं! “मी भिनार? सात बाळंतपनं काढल्याली बाई मी! टोच!”

टेबलावर फरशी ठेवली. तिघांचे दोन-दोन थेंब. सीरम घातलं आणि फरशी हलवत बसले. सगळं गाव टेबलावर वाकलं होतं, डॉक्टरीणबाईंना दोनदा ओरडून उजेड सोडायला सांगावं लागलं. जवानाच्या पहिल्या थेंबात दाणे धरले. ए, पुस्तकात होतं तसंच. थोरल्याचा पहिला थेंब तसाच राहिला, दुसऱ्यात धरले. बी. मी म्हातारीच्या थेंबांकडं बघत राहिले. हलवते, हलवते, कशातच काही नाही. ओ!

खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं. तिघांचे तीन गट निघतील अशी आशा मी कशाच्या जोरावर करणार होते? दोन वेगळे निघाले तरी मी पुरून उरले असते. इथं अल्लानं झोळी भरून दिलं.

फरशी उचलून मी सगळ्यांना दाखवली. “बघा, नीट बघा. धाकट्याचं वेगळं, थोरल्याचं वेगळं, आईचं तिसरंच. दादांनी आत्ता काय सांगितलं सगळ्यांदेखत? आईचं लेकाला जुळतं, भावाचं भावाला जुळतं. मग दादा, तुमच्याच बोलण्यानं तुम्ही दोघं एका बापाचे नाही. आणि ह्या बसल्यात त्या तुमच्या कोण, ते तुम्हीच सांगा.”

मग म्हातारी उठली. मिश्रीचं बोट तसंच, दुसऱ्या हातात पायातली वहाण.

“मुडद्या! तुझा बाप सरगात गेला, तर त्याच्या माघारी माझ्यावर बालंट घेतूस व्हय?”

“आये, मी तसं कुठं म्हनलो...”

“तसंच म्हनलास! सुनंला म्हनलास तेच मला म्हनलास!”

गाव खदखदून हसत होतं. पण म्हातारी एकदम थांबली. स्वतःच काय बोलली ते तिच्याच कानावर पडलं असावं. वहाण हातातच राहिली. तिनं वळून ओढ्याकडच्या गाडीकडं बघितलं आणि मटकन खाली बसली.

मग डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. दिसणारे वाटे, दडणारे वाटे. म्हातारीपाशी ओशिवाय दुसरं काहीच नाही, म्हणून दोन्ही लेकांच्या पोटात आईचा ओ दडलेला आहे, ह्यात शंका नाही. पोराला एक ओ आईकडून मिळालाय, दुसरा बापाकडून यायला हवा. तो ह्या बापाकडं आहे. “आणि ह्याच्याकडं तो आजी, तुमच्याकडून आलाय.”

“माझं?” म्हातारी म्हणाली. “माझं हाय व्हय त्याच्यात?” आणि पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात जवान पुढं आला. पलटणीतला माणूस, त्याला पक्कं पाहिजे. “मंग बाई, लिवून देता का? पोरगं माझंच हाय म्हनून?”

मी डॉक्टरीणबाईंकडं बघितलं. डोळ्यांनी विनवलं. एकदा, एकदाच म्हणा की हो! पण ती बाई खोटं बोलणारी नव्हती. “नाही,” त्या म्हणाल्या. “ते रक्तावरून कुणालाच सांगता येत नाही. रक्त ‘नाही’ म्हणत नाही, एवढंच मी लिहीन.”

हसू विरलं. थोरल्यानं मान वर केली. सगळं केलं-सवरलं मातीत जाणार असं वाटायला लागलं.

आणि गाडीतून ती उतरली. पोराला कडेवर घेऊन, लिंबाखाली सरळ नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

“रक्त काय म्हनतंय ते ऐकाया मी आले न्हाई. मला ते पैल्यापास्नं ठावं हाय. तुमी काय म्हनता ते ऐकाया आले. सगळ्यांनी रक्ताला इचारलं, नर्सबाईला इचारलं, दादांस्नी इचारलं. मला कोनी इचारलं? तुमी लढाईवर हुता तवा मी तुमच्या जिवासाठी ह्याच्या डोक्याला वस्तरा लावू दिला न्हाई. आता बोला. एकदाच बोला.”

पोर बापाकडं बघत होतं. मग त्यानं हात पुढं केले, पण तिनं पोर दिलं नाही. ती थांबली होती. त्याला कळलं. घसा खाकरून तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “पलटणीत मला कुनाच्या तरी रक्तानं वाचवलं. बाटलीवर नाव नव्हतं, मी इचारलंबी न्हाई. आन् घरात आपल्या पोराला इचारीत बसलो. चुकलो मी. रक्त न्हाई म्हनत न्हाई, मंग मी कोन न्हाई म्हननार? माझा ल्योक हाय ह्यो. माझाच हाय.”

तेव्हा तिनं पोर त्याच्या हातात दिलं. मी तिथंच टेबलाला धरून भोकाड पसरलं. नर्सनं रडायचं नसतं, डॉक्टरीणबाई डोळ्यांनी दटावत होत्या, आणि त्यांचा स्वतःचा चष्मा ओला झाला होता.

पुढच्या रविवारी जावळ निघालं. म्हातारीनं मला बोलावणं धाडलं होतं, बैलगाडीसकट. मी देवळाच्या ओट्याखाली उभी राहिले. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसतं, ही रीत. मामा पाटावर बसायला निघाला तर जवान म्हणाला, “पाव्हणं, रीत तुमची खरी. पर आज एवढी माझ्याकडं द्या.” आणि तोच पाटावर बसला, पोराला मांडीवर घेतलं. पोरानं लाथा झाडायला सुरुवात केली. थोरला भाऊ मुकाट पुढं आला, खाली बसला आणि त्यानं पोराचा तो टाक्यांचा पाय दोन्ही हातांत अलगद धरून ठेवला. वर मान करून कुणाकडं बघितलं नाही.

न्हाव्यानं वेण्या कापल्या. केस बापाच्या मांडीवर पडले. पोरानं असा टाहो फोडला की देवळातली कबुतरं उडाली.

म्हातारी माझ्याकडं बघून ओरडली, “ऐका! ऐका! नर्सबाईचं रक्त बोलतंय!”

सगळे हसले. मी काही तिखट उत्तर देणार, तेवढ्यात सून म्हणाली, “बोलू द्या, आत्याबाई. ह्या घरात कुनीतरी बोलाया पायजे.”